ऑइल बदलायची मुदत: किलोमीटर की डिझेल?

प्रश्न : "ऑइल बदलायची मुदत सगळ्या गाड्यांना एकच नसते," असं तुम्ही मागच्या अंकात लिहिलंत. आमच्या ताफ्यात एकाच इंजिनाच्या गाड्या आहेत. काही हायवेवर चालतात, काही खडीच्या कामावर. सगळ्यांचं ऑइल ४०,००० किलोमीटरला बदलतो, हिशेब सोपा राहतो. यात बिघडलं काय?

उत्तर : हिशेब सोपा राहतो, भुर्दंड खडीच्या गाडीला बसतो. चाकं किती फिरली याच्याशी ऑइलला देणंघेणं नसतं. डिझेल किती जळलं याच्याशी असतं. जळालेल्या डिझेलची काजळी, आम्ल आणि थोडं न जळलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. हायवेची गाडी लिटरला ४ किलोमीटर देत असेल तर ४०,००० किलोमीटरमध्ये १०,००० लिटर जाळते. खडीची गाडी २ देत असेल तर तेवढ्याच अंतरात २०,००० लिटर. चेंबर मात्र दोघींचं तेवढंच, समजा ३६ लिटरचं. म्हणजे हायवेला ४०,००० बरोबर असतील तर खडीच्या गाडीचं ऑइल २०,००० लाच उतरवायला हवं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मुदतीचा तक्ता सरासरी मायलेजप्रमाणे किंवा कामाच्या प्रकाराप्रमाणे दिलेला असतो. लोक त्यातला पहिला, सगळ्यात मोठा आकडा तेवढा लक्षात ठेवतात.

शिवाय उभ्या गाडीचं इंजिन चालू राहतं ते मीटरवर दिसतच नाही. टिपरची ट्रॉली उचलणं, लोडिंगच्या रांगेत थांबणं, एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवणं, हे सगळं त्यात आलं. साधारण एक तास म्हणजे ४० ते ५० किलोमीटर धरतात. इंजिनाचे तास दाखवणारं मीटर असेल तर मुदत तासांवरच ठरवा. आणि जी गाडी फारशी चालतच नाही तिचं ऑइलही वर्षातून एकदा बदला. छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही, त्यामुळे त्यातलं पाणी उडून जात नाही.

प्रश्न : पूर्ण सिंथेटिक ऑइल घातलं तर मुदत दुप्पट करता येते, असं विक्रेता सांगतो. खरं का?

उत्तर : सिंथेटिक ऑइल उष्णतेने लवकर जाड होत नाही आणि थंडीत पटकन वर चढतं, हे खरं. पण काजळी आणि डिझेल त्यातही तेवढंच पडतं. मुदत वाढवायची तर लॅबच्या रिपोर्टवर वाढवा, डब्यावरच्या मजकुरावर नको.

नमुना गरम इंजिनाचा घ्या. ऑइल काढताना पहिली धार सोडून द्या, शेवटचा गाळही नको, मधल्या धारेतलं साधारण १०० मिलि स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्या. ऑइल किती किलोमीटर चाललं आणि मधे किती टॉप-अप केलं, हे बाटलीवर लिहाच. १० लिटर नवीन ऑइल ओतलेल्या इंजिनाचा रिपोर्ट नेहमीच गोंडस येतो! त्याच ऑइलचा एक न वापरलेला नमुनाही पाठवा, म्हणजे तुलना करता येते.

रिपोर्टमध्ये आधी टीबीएन बघा, म्हणजे आम्ल मारायची शिल्लक ताकद. ती नव्याच्या निम्म्यावर आली की ऑइल संपत आलं. काजळी ३ टक्क्यांपुढे गेली की लक्ष ठेवा. अनेक इंजिनांत ५ ही शेवटची हद्द मानतात. चिकटपणा घसरला असेल तर बहुधा डिझेल मिसळतंय, म्हणजे इंजेक्टर तपासा. वाढला असेल तर काजळी किंवा जळालेलं ऑइल. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकत्र वाढले तर धूळ आत जातेय. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होज आणि क्लॅम्प बघा. सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट ऑइलमध्ये शिरतंय. शिसं वाढलं तर बेअरिंग झिजतंय. तांबं एकटंच वाढलं तर घाबरू नका, कित्येकदा ते ऑइल कूलरमधून येतं. एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका. ओळीने तीन चांगले आले तर मुदत थोडी वाढवा, एकदम दुप्पट नको.

प्रश्न : नवीन ऑइल पाचशे किलोमीटरमध्येच काळं होतं. खराब माल का?

उत्तर : नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

प्रश्न : मूळ कंपनीच्या फिल्टरऐवजी त्याच आट्याचा, तेवढ्याच उंचीचा दुसरा फिल्टर बसतो. पेपर जास्त बारीक आहे असं त्यावर लिहिलंय. मग तो चांगला ना?

उत्तर : आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं होत नाही. मुख्य प्रश्न बायपास व्हॉल्व्हचा आहे, म्हणजे फिल्टरमधून ऑइल जाईना की ते न गाळताच पुढे सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टर बसतो त्या हेडमध्ये असतो, काहींत फिल्टरच्या डब्यात. डब्यात हवा तिथे तो नसेल, तर थंडीत जाड ऑइलच्या दाबाने आतला पेपर फाटतो. मग सगळा कचरा बेअरिंगकडे, आणि मीटरवर प्रेशर ठीकच दिसतं. व्हॉल्व्ह असूनही लवकर उघडणारा असेल तर निम्मा वेळ ऑइल न गाळताच फिरतं. गरजेपेक्षा बारीक पेपर लवकर भरतो आणि परिणाम तोच होतो.

आडवा किंवा उलटा बसणारा फिल्टर असेल तर आत ऑइल परत निथळू न देणारा रबराचा व्हॉल्व्ह हवाच. तो नसेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. आणखी एक फसगत म्हणजे काही इंजिनांत मुख्य आणि बायपास (थोडीच धार घेऊन जास्त बारीक गाळणारा) असे दोन्ही फिल्टर एकाच डब्यात असतात. तिथे साधा फिल्टर लावला तर बायपासचा भाग गायब, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

'१० मायक्रॉन' या नुसत्या आकड्याला अर्थ नाही. त्या मापाचे किती कण अडतात ते विचारा, ते बीटा या आकड्याने सांगतात. बीटा २ म्हणजे निम्मेच अडतात, बीटा २० म्हणजे ९५ टक्के, बीटा ७५ म्हणजे जवळपास ९८.७ टक्के. चाचणी आयएसओ ४५४८-१२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केलेली असेल तरच दोन फिल्टरची तुलना होते. मुदत लांबवणार असाल तर काचतंतूचा किंवा मिश्र पेपर घ्या. साधा सेल्युलोज पेपर गरम ऑइल आणि पाण्याच्या अंशाने हळूहळू कुजतो.

जुना फिल्टर फेकण्याआधी एकदा कापून बघा. हॅकसॉ नको, त्याचाच चुरा आत पडतो. फिल्टर कटर वापरा. पेपर कापून काढा, व्हाइसमध्ये दाबून ऑइल पिळा आणि घड्या पांढऱ्या कागदावर उलगडा. कण लोहचुंबकाला चिकटले तर लायनर, गिअर किंवा क्रँकचं लोखंड. न चिकटणाऱ्या चमकदार चकत्या दिसल्या तर बेअरिंग उघडायची वेळ आली. घड्या लाटांसारख्या वाकड्या झाल्या असतील तर पाणी शिरलंय, किंवा मुदत फारच ताणलीय.

प्रश्न : वेगळा बायपास फिल्टर लावला तर ऑइल बदलायलाच नको, असं ऐकतो.

उत्तर : बायपास फिल्टर एकूण ऑइलपैकी साधारण ५ ते १० टक्के धार घेतो, २ ते ५ मायक्रॉनपर्यंत गाळतो आणि चेंबरमध्ये परत सोडतो. लायनर-रिंगची झीज कमी होते, यात शंका नाही. पण डिझेल, आम्ल आणि संपलेले ॲडिटिव्ह (ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं) यांवर त्याचा काही इलाज नाही. शिवाय त्याचा होज चेसिसला घासून फुटला तर काही मिनिटांत चेंबर रिकामं होतं. लावायचा तर होजला स्लीव्ह घाला, पट्ट्या नीट मारा, आणि मुदत रिपोर्टवरच ठरवा.

प्रश्न : जुन्या इंजिनात सीके-४ या नव्या दर्जाचं ऑइल चालेल का? आणि नव्यात उरलेलं जुन्या दर्जाचं सीआय-४ संपवलं तर?

उत्तर : पहिलं चालतं. सीके-४ जुन्या सीजे-४, सीआय-४ च्या जागी वापरता येतं. मात्र तुमच्या डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर मुदत कमी ठेवा. दुसरं करू नका. नव्या इंजिनाच्या धुराड्यातला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, काजळी जाळतो, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती तिथेच साठते. सीके-४ मध्ये राख १ टक्क्यावर जाऊ देत नाहीत, सीआय-४ ला तशी मर्यादा नाही. एफए-४ हे पातळ ऑइल इंजिन बनवणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच घाला.

प्रश्न : ऑइल बदलल्यावर फिल्टरच्या कडेने गळतं, आणि पट्टीवर पातळी कधी जास्त, कधी कमी येते.

उत्तर : आधी जुनं रबर हेडला चिकटून राहिलंय का ते बघा. दोन रबरं एकावर एक बसली की दाब येताच वरचं निसटतं आणि सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या रबराला बोटाने ऑइल लावा, टेकेपर्यंत फिरवा, मग हाताने पाऊण ते एक फेरा. पाना नको.

पातळीसाठी गाडी सपाटीवर लावा आणि गरम ऑइल २० ते ३० मिनिटं निथळू द्या. नवं ऑइल एक-दोन लिटर कमीच भरा. स्टार्ट करा, रेस देऊ नका. १५ सेकंदांत प्रेशर आलं नाही तर बंद करा. आलं तर मिनिटभर चालवून बंद करा, १० मिनिटं थांबून पट्टी बघा आणि उरलेलं थोडंथोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका, कारण क्रँक ते घुसळून फेस करतो आणि प्रेशर पडतं. पातळी दिवसेंदिवस आपोआप चढत असेल तर ते ऑइल नव्हे, डिझेल किंवा कूलंट आहे. गाडी तशीच कामावर पाठवू नका.