आईला नागीण झाली आहे, क्रिएटिनिन १.४ आहे (वय ६८, वजन ४८ किलो, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू). नेहमीची औषधं चालतील का?

नाही. आणि "१.४ म्हणजे थोडंसंच वाढलंय" हे कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, किडनी तो गाळून बाहेर टाकते. स्नायू झडलेल्या बाईत किडनी निम्म्याहून कमी उरली तरी आकडा साधाच दिसतो. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, बाईसाठी वर ०.८५ ने गुणा. उत्तर २९, म्हणजे किडनी मिनिटाला साधारण २९ मिली रक्त गाळते. हेच १.४ तीस वर्षांच्या ७५ किलोच्या पुरुषात ८२ देतं. लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा लॅबने काढलेला अंदाज) ४१ च्या आसपास छापून येईल, पण तो सरासरी अंगकाठीला धरून असतो. बारीक चणीच्या बाईचा डोस त्यावर ठरवू नये.

नागिणीची ठरलेली चिठ्ठी म्हणजे व्हॅलासायक्लोव्हिर (विषाणूवरचं औषध) १ ग्रॅम दिवसातून तीनदा, प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्यावरचं) ७५ मिग्रॅ दोनदा, सोबत ॲसिक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी. २९ ला व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून एकदाच (४१ धरलंत तर दोनदा होतं, म्हणजे दुप्पट). तीनदा दिलं की साठतं. दोन-तीन दिवसांत पेशंट असंबद्ध बोलतो, नसलेली माणसं दिसतात, हात झटके देतात. घरचे वयावर ढकलतात, सीटी स्कॅन नॉर्मल येतो आणि औषधाकडे कुणाचं लक्षच जात नाही. प्रेगाबालिनची या किडनीला दिवसाची कमाल मर्यादाच १५० मिग्रॅ. सुरुवात २५ ते ५० ने, नाहीतर गुंगीत पडून खुबा मोडतो. ॲसिक्लोफेनॅक नकोच. ते किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी आवळतं, टेल्मिसार्टन बाहेर नेणारी सैल करतं, लघवीची गोळी पाणी कमी करते. गाळायला दाबच उरत नाही. दुखण्याला पॅरासिटामॉल.

मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर तिथे मात्र ईजीएफआर बघतात: ४५ खाली दिवसाला १ ग्रॅमपर्यंत, ३० खाली बंद.

वजन न विचारता लिहिलेली चिठ्ठी अर्धवट असते. "ओपीडीत वेळ कुठे असतो" हे कारण मला मान्य नाही, या गणिताला अर्धा मिनिट लागतो.

हे गणित क्रिएटिनिन स्थिर असेल तरच खरं. उलट्या-जुलाब होत असतील किंवा आकडा रोज चढत असेल तर किडनी २९ पेक्षाही कमी चालते. आणि घाबरून व्हॅलासायक्लोव्हिर टाळू नका, पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हायला हवं. डोस डॉक्टरांकडूनच बदलून घ्या. वजन आणि २९ हा आकडा चिठ्ठीवर लिहायला सांगा.