मृदुकाय तो अश्म कसा?

पेडण्याच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांनी तक्त्यावर ‘मृदुकाय प्राण्यांचे जीवाश्म’ असं लिहिलं होतं. परीक्षकांनी हटकलं, ‘मऊ ते दगड कसं होईल? शब्द चुकला.’ खरंच चुकला का?

शब्द बरोबर आहे, समास चुकीचा सोडवला गेला. ‘मृदुकाय’ हा बहुव्रीही: मृदू आहे काया ज्याची तो प्राणी. नीलकंठ म्हटल्यावर आपण निळ्या गळ्यापाशी न थांबता थेट शंकरापाशी पोचतो, तसंच हे. लॅटिनमध्ये ‘मॉलिस’ म्हणजे मऊ. त्यावरून मॉलस्का, म्हणजे गोगलगायी, शिंपले वगैरेंचा गट, आणि त्यावरून आपला मृदुकाय.

खोट काढायचीच तर ‘अश्म’मध्ये काढावी. ‘फॉसिल’चं मूळ लॅटिन ‘फॉसिलिस’, म्हणजे खणून काढलेलं. त्यात दगड कुठेच नाही. ‘जीवाश्म’ घडवताना आपण दगडाची अट घातली. (‘अश्मरी’ म्हणजे मुतखडा, तो मात्र खराच खडा.) राळेत अडकलेला किडा दगड झालेला नसतो, तरी तो जीवाश्मच. पण शब्द आता रुळलाय, त्याला हात लावू नये.

देव्हाऱ्यातला चक्राचा शाळिग्राम हा गंडकीच्या खोऱ्यातला अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचा एक मृदुकाय प्राणी, ज्युरासिक काळातल्या समुद्रात राहिलेला. हे कूळच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपलं. वेटोळं शंखासारखं, पण नातं शंखातल्या गोगलगायींपेक्षा जवळचं आपल्या माणक्यांशी (म्हणजे स्क्विडशी), दोघेही शीर्षपाद, म्हणजे डोक्यालाच पाय असलेले. एक भाऊबंद देव्हाऱ्यात आणि दुसरा कढईत, हे आजीला सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही. आणि हो, मुलांना शंख शोधायला गोव्याच्या कातळावर पाठवू नका. इथला बराचसा मूळ खडक शंख-शिंपले पृथ्वीवर यायच्या फार आधीचा आहे.

तक्त्यावर मी ‘दगड झालेले शंख-शिंपले’ असंही चालवून घेतलं असतं. फक्त दिसेल त्याला शिंपला म्हणू नये. ब्रॅकिओपॉड नावाचे दोन झाकणांचे प्राणी हुबेहूब शिंपल्यासारखे दिसतात, पण मृदुकाय नव्हेत. त्यांची एक शिंप दुसरीहून वेगळ्या घडणीची असते, आणि प्रत्येक शिंपेचा डावा-उजवा भाग सारखा. आपण खातो त्या तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांत बहुधा उलट: दोन शिंपा एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब, पण एकच शिंप घेतली तर ती एका अंगाला कललेली.

राहिला मऊ भागाचा प्रश्न. तो कुजून जातो, हे परीक्षकांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं. पण पुढच्या वेळी विळीवर तिसऱ्या फोडाल तेव्हा रिकामी शिंप उजेडात धरून बघा. आत दोन टोकांना दोन गुळगुळीत डाग दिसतील. शिंपा घट्ट मिटणारे स्नायू तिथे चिकटलेले असतात. विळीनं कापले जातात ते हेच. दोन डागांना जोडणारी एक पुसट रेघ असते आणि ती एका बाजूला आत वळलेली असते. चिखलात गाडून घेऊन वर पाण्यात काढायच्या नळ्या आत ओढून घ्यायला ठेवलेली ती जागा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यावरही ही रेघ सापडते, आणि आत वळलेली दिसली की अभ्यासक सांगतात, हा गाळात पुरून राहणारा होता.