वाचकांचे प्रश्न : जुनी कॉमिक्स, मूळ चित्रपाने

प्रश्न : जुन्या कॉमिक्सची पाने पिवळी पडून कडा तुटताहेत. लॅमिनेशन करू का? एका मूळ चित्रपानावरच्या (छपाईसाठी चित्रकाराने हाताने काढलेल्या पानावरच्या) संवादपट्ट्याही, म्हणजे संवाद लिहून चिकटवलेले कागदाचे तुकडेही, सुटल्या आहेत.

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको, ते परत काढता येत नाही. वृत्तपत्री कागदातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे आम्ल तयार होते आणि उष्णता, उजेड, दमटपणा त्याला हातभार लावतात. पिवळेपणा जाणार नाही, तो वाढण्याचा वेग मात्र कमी होईल. प्रत्येक अंक ५० मायक्रॉनच्या पॉलिएस्टर पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून, खोक्यात उभा ठेवा. खोके सैल भरले तर अंक वाकतात. पीव्हीसी या प्लास्टिकची पाकिटे टाळा. आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. माळा त्यासाठी वाईटच.

चित्रपानाचे दुखणे वेगळे. पट्ट्या बहुधा रबर सिमेंटने (रबरी गोंदाने) चिकटवलेल्या असतात. ते वाळून सुटते आणि तपकिरी डाग सोडते. सेलोटेप लावू नका. सुटलेली पट्टी, जागेची नोंद करून, त्याच पानासोबत वेगळ्या पाकिटात ठेवा. पुन्हा चिकटवण्याचे काम कागद-संवर्धकाचे. शाईखालच्या कच्च्या आखणीच्या निळ्या पेन्सिलीच्या रेषा खोडू नका, तो चित्रकाराच्या कामाचाच भाग आहे. फ्रेम केलीत तर काच शाईला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच. मार्करचे रंग अतिनील किरण रोखणाऱ्या काचेमागेही उडतात.