रुपये सोड, वजन विचार

तुझी बातमी वाचली. 'दोन कोटींचा गर्द जप्त', बुरखे घातलेले आरोपी, मागे रांगेत साहेब लोक. अशा बातम्या मीही ढिगाने लिहिल्यात, तेव्हा रागावत नाही. पण हे दोन कोटी मोजले कुणी? प्रेसनोटमध्ये होते, एवढंच ना?

कोर्टात हा आकडा चालत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा 1985 चा, पण 2001 च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. हेरॉइन, म्हणजे आपला गर्द, 5 ग्रॅमपर्यंत (अल्प मात्रा) असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष. 250 ग्रॅमच्या वर (व्यावसायिक मात्रा) गेलं की किमान दहा, आणि कलम 37 मुळे जामिनाचं नाव काढायला नको. शिवाय 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग प्रकरणात भेसळीसकट वजन धरायला सांगितलं. म्हणजे 300 ग्रॅमच्या पुडक्यात गर्द चिमूटभर आणि बाकी नुसती भुकटी असली, तरी ते 300 ग्रॅमच.

मी यात तोंडावर पडलोय. '21 किलो गांजा' लिहून मोकळा झालो होतो. तीन वर्षांनी पंचनाम्याची नक्कल हाती आली: 'ओलसर, हिरवट, पाने, देठ व काड्यांसह, गोणीसह वजन 21 किलो'. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे नसतील तर नुसती पानं त्यात येत नाहीत. आणि गांजाला व्यावसायिक मात्रेची रेघ 20 किलोवर! गोणी रिकामी केली होती का, एवढं मला त्याच दिवशी विचारता आलं असतं. ठाण्यासमोरच चहा पीत उभा होतो. त्या केसमधला आरोपी पोरगा तोवर आतच होता.

म्हणून आधी पंचनामा मिळव. कलम 52अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, ते बघ. मग सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल.

दुसरी बाजू पोलीस ठाण्यात सापडायची नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली सुरू झालं, कायद्याच्या पाठोपाठ. छाप्यांच्या बातम्या रोज येतात, व्यसनमुक्तीची आठवण आपल्याला 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनालाच होते. अशा एखाद्या केंद्रात चार दिवस नुसता बस. सोबत आलेल्या आयांना कलम 64अ ठाऊक आहे का, विचार. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातला व्यसनी आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळते. नाव मात्र कुणाचं छापू नकोस.

तुझ्या त्या केसची पुढची तारीख कधी आहे? सीए रिपोर्ट दाखल झाला की फोन कर, मी कोर्टात येतो.