लीड १ उलटी आणि एव्हीआर सुलटी दिसतेय? आधी पुन्हा ईसीजी काढून घ्या

तुमच्या ईसीजीत खरंच दोष आहे का, असं विचारून तुम्ही टाकलेला त्या ईसीजीचा फोटो मोठा करून पाहिला. यंत्राने वर छापलंय ‘हृदयाच्या डाव्या बाजूला जुना झटका असण्याची शक्यता’. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, तक्रार कसलीच नाही, आणि वैद्यकीय अहवाल मागणारं कार्यालय म्हणतंय, छापलंय तेच आम्ही धरणार. अगदी हेच मी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर हे वाचत बसू नका, थेट रुग्णालयात जा. ईसीजी नॉर्मल आला म्हणून झटका नाहीच, असंही नसतं.

लीड म्हणजे हृदयाची विद्युत हालचाल एका दिशेने दाखवणारी रेघ: हातापायांच्या वायरींवरून लीड १, २, ३, एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ, आणि छातीवरून व्ही १ ते व्ही ६. प्रत्येक ठोक्याला रेघेत तीन चढउतार दिसतात: पी (हृदयाचे वरचे कप्पे), क्यूआरएस (खालचे कप्पे) आणि टी (खालचे कप्पे पूर्ववत होताना). तुमच्या कागदावर लीड १ मध्ये हे तिन्ही खाली गेलेत आणि एव्हीआरमध्ये तिन्ही वर. एरवी बरोबर उलटं असतं. छातीवरच्या लीड मात्र व्यवस्थित आहेत, व्ही १ पासून पुढे आर (क्यूआरएसचं वर जाणारं टोक) वाढत गेलाय. माझ्या मते दोन्ही हातांच्या वायरी अदलाबदल झाल्यात.

ईसीजीची रेघ दोन ठिकाणच्या विद्युतदाबातला फरक दाखवते. लीड १ म्हणजे डावा हात वजा उजवा हात. ठोका हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सुरू होतो आणि लाट एकंदरीत डावीकडे, खाली सरकते. म्हणून लीड १ मध्ये रेघ वर उठते. वायरी बदलल्या की वजाबाकी उलटी होते आणि अख्खी लीड १ पालथी पडते. लीड २ (डावा पाय वजा उजवा हात) आणि लीड ३ (डावा पाय वजा डावा हात) एकमेकींच्या जागी जातात, एव्हीआर आणि एव्हीएलही तशाच. एव्हीएफ जशीच्या तशी राहते. छातीच्या लीड दोन्ही हात आणि डावा पाय यांच्या सरासरीशी तुलना करतात. हात बदलले तरी सरासरी तीच, म्हणून तिथे काहीच बिघडत नाही.

लीड १ अधिक लीड ३ बरोबर लीड २, हा आइंटहोव्हनचा (ईसीजीवरच्या कामासाठी १९२४चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ) नियम या अदलाबदलीनंतरही तंतोतंत जुळतो, त्यामुळे नुसत्या बेरजेने चूक सापडत नाही. काही यंत्रं वायरींची शंका छापतात, पण सगळी नाही. आणि लीड १ व एव्हीएल उलट्या दिसल्या की डाव्या भिंतीच्या जुन्या झटक्याचा भास होतो.

मला सगळ्यात महाग पडलं ते तपासणी केंद्र आणि ते कार्यालय. पुन्हा ईसीजी काढा म्हटलं तर केंद्राचं उत्तर, ‘रिपोर्ट पुढे गेला, आता बदलता येत नाही.’ कार्यालयात आलेख कुणी पाहिलाच नाही, फक्त ती छापील ओळ वाचली. मग इको, मग स्ट्रेस टेस्ट. प्रत्येक तपासणी नॉर्मल, आणि प्रत्येक वेळी ‘पण पहिला ईसीजी असा आहे’. पाच मिनिटांत पुन्हा काढता येणाऱ्या आलेखासाठी माणसाला इतकं फिरवतात, याचा मला आजही संताप येतो. डॉक्टरने आलेख पाहून सही केल्याशिवाय यंत्राचा निष्कर्ष कुठल्याच कार्यालयाने स्वीकारू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही कार्यालयाशी त्या ओळीवरून वाद घालू नका. हृदयरोगतज्ज्ञांकडे जुना कागद न्या, ईसीजी पुन्हा काढून घ्या आणि ‘आधीच्या आलेखात हातांच्या वायरी उलट्या होत्या’ असं स्पष्ट लिहून मागा. माझं काम या एका वाक्याने झालं, नुसत्या नव्या नॉर्मल आलेखाने नाही. निदान मात्र त्यांनाच करू द्या. हृदय जन्मतः उजवीकडे असलं तरी लीड १ उलटी येते, फक्त तेव्हा छातीच्या लीडमध्ये आर पुढे पुढे लहान होत जातो.

नवा ईसीजी काढताना वायरींचे रंग स्वतः पाहून घ्या. एका पद्धतीत उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा काळा. दुसरीत उजवा हात पांढरा, डावा काळा, डावा पाय लाल, उजवा हिरवा. दोन्ही पद्धतींची सवय असलेल्याचाही घोटाळा होऊ शकतो. व्ही १ आणि व्ही २ चौथ्या बरगडीखालच्या फटीत हवेत. वर लावले तर समोरच्या भिंतीच्या झटक्याचा भास होतो. हालू नका, बोलू नका, थंडीने कुडकुडत असाल तर आधी अंग झाका, नाहीतर स्नायूंची थरथर रेघेत उतरते.

शिवाय जुन्या कागदाची आजच झेरॉक्स काढा. तो थर्मल कागद असेल तर काही काळाने फिका पडतो. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने काळा होतो.