आधी पाणी बघ: वेताळ टेकडीवरून एक पत्र

प्रिय मुली,

रविवारी टेकडी उतरताना तू काही बोलली नाहीस, पण तुझा चेहरा मी पाहिला. पंधरा दिवसांपूर्वी आपण जुन्या दगडखाणीच्या कडेचा पट्टा लख्ख केला होता आणि तिथेच पुन्हा बाटल्या पडलेल्या. एक तर दगडावर आपटून फोडलेली. तू वाकून काचा वेचत होतीस आणि डोळे भरून आले होते तुझे. संध्याकाळी मेसेज आला, "मावशी, याचा खरंच काही उपयोग आहे का?" दोन ओळींत उत्तर द्यायला मन होईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

उपयोग आहे. पण कचरा परत येणार हे धरूनच काम करायचं. पाषाण, कोथरूड, सेनापती बापट रस्ता अशा सगळ्या बाजूंनी पुण्यातली माणसं या टेकडीवर चढतात. आपण घरात सकाळी केर काढतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतो, तेव्हा कालचं झाडणं वाया गेलं असं कोणी म्हणत नाही. टेकडीला मोहिमेपेक्षा राखण जास्त लागते, शेताला लागते तशी. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की सगळी टेकडी डोक्यावर घेऊ नकोस. एक पट्टा धर. दोनशे पावलांचा असला तरी पुष्कळ झाला. तो बारा महिने बघ, पावसात बघ, मे महिन्यात बघ. कुठे पाणी साचतं, कुठे माणसं वाट सोडतात, कुठे बसून पितात, हे सगळं तुझ्या पायांना पाठ झालं पाहिजे.

आणि त्या पट्ट्यावर कचऱ्याच्याही आधी पाणी बघ. कचरा दिसतो म्हणून सगळे त्याच्यामागे धावतात, पण पायवाट मोडते ती पाण्याने. आपली टेकडी काळ्या पाषाणाची, वर जेमतेम वीतभर माती आणि मुरूम. वाट सरळ उतारावर असली की जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत ती ओढा होते. मुरूम वाहून जातो, मधे घळ पडते, खाली टोकदार दगड उघडे पडतात. मग माणसं घळ टाळून कडेच्या गवतावरून चालतात. गवत मरतं, वाट रुंदावते, पाण्याला आणखी उघडी जमीन मिळते. दोन पावसाळ्यांत एका पावलाची वाट बैलगाडीएवढी झालेली मी पाहिली आहे.

यावर उपाय फार साधा आहे. वाटेवर तिरकी दगडांची ओळ बसवायची. काटकोनात नाही, तिरकी, कारण पाण्याला अडवलं तर ते दगड उखडून पुढे जातं आणि बाजूला वाट दिली तर निमूट जातं. दगड निवडताना लांबट घे आणि दोन तृतीयांश जमिनीत गाड. वर दिसतो तेवढाच दगड असला तर तो पहिल्याच पावसात कोणाच्या तरी पायाखाली डुगडुगेल. उताराकडचं तोंड मोकळं ठेव आणि पाणी जिथे बाहेर पडेल तिथे चार धोंडे पसर, नाहीतर तिथे नवी घळ पडेल. ओळीमागे गाळ साचतो, तो मे महिन्याच्या शेवटी फावड्याने काढायचा. हा गाळ काढायला कोणी येत नाही. ओळ बसवताना तीस जण असतात, फोटो निघतात, आणि पुढच्या मे महिन्यात तिथे मी एकटी घमेलं घेऊन बसलेली असते. तुझ्यासारखी दोन माणसं वाढली तरी मला पुरे.

दगड उचलताना एक गोष्ट कधीच विसरायची नाही. हाताने थेट उचलू नकोस, आधी पहार घाल. पलीकडची कड वर येईल असा दगड आपल्याकडे कलता कर, म्हणजे उघडणारी फट तुझ्यापासून लांब राहते. खाली विंचू असतो, कधी फुरसं असतं. ते बाहेर पडलं तर पलीकडे जाऊ दे, मग तिथला दगड जसा होता तसा ठेव आणि दुसरा शोध. उन्हाळ्यात उघड्या मुरमावरचे खडे गोळा करण्याआधी उकिडवी बसून नीट बघ. टिटवी घरटं बांधत नाही, खड्यांमध्येच अंडी घालते, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की जवळच काहीतरी आहे असं समज आणि आल्या पावली मागे फिर.

आता एक चूक सांगते, ती आमच्या हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एक मोकळा उतार पाहिला, नुसतं कुसळीचं गवत. आम्हाला वाटलं, ही जागा रिकामी आहे. कुदळी घेऊन ओळीने खड्डे काढले, रोपं लावली. पावसात खड्ड्यांची मोकळी माती खालच्या वाटेवर आली, निम्म्याहून जास्त रोपं पुढच्या उन्हाळ्यात वाळली, आणि त्या उतारावर सकाळी तित्तिरांची जी हाक ऐकू यायची ती बरेच दिवस ऐकू आली नाही. गवताळ उतार रिकामा नसतो गं. तित्तिर, चंडोल, रातवा या सगळ्या पक्ष्यांचं घर जमिनीवर, गवतातच. आजही तिथून जाताना मला अपराधी वाटतं. तेव्हा कोणी उत्साहाने "इथे झाडं लावू" म्हणालं, तर आधी वर्षभर ती जागा बघू या, असं सांगायला संकोच करू नकोस. आपली इथली झाडं म्हणजे सालई, गणेर, मेडशिंगी. फेब्रुवारीत पानं गळलेल्या फांद्यांवर गणेर पिवळाधमक फुलतो तेव्हा तुला दाखवीन.

उलट कॉसमॉस मात्र उपटायचा. सप्टेंबरमध्ये केशरी फुलांनी उतार भरतो, लोक फोटो काढायला येतात, आणि आपण तो उपटतो म्हणून रागावतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ते रोप मूळचं मेक्सिकोकडचं आहे आणि त्याच्या दाटीत तेरड्याला, गवताला जागा उरत नाही, एवढं शांतपणे सांग. फुलं येण्याआधी, ओल्या मातीत, मुळासकट काढ. बी धरलं की उशीर झाला. घाणेरीला मात्र मनाने हात लावायचा नाही. टेकडीचा बराच भाग वनविभागाचा आहे, वनरक्षकांना विचारल्याशिवाय कोयता चालवायचा नाही. शिवाय त्या जाळीत बुलबुलांची घरटी असतात.

काचेबद्दल थोडं. तू रविवारी प्लॅस्टिकच्या पिशवीत काचा भरल्यास, पिशवी फाटली आणि तुझी पोटरी थोडक्यात वाचली. काचेसाठी जुनी बादली किंवा जाड गोणी, हातात कातडी मोजे, आणि बादली शरीरापासून लांब. खाली नेल्यावर काच वेगळीच द्यायची, बाकी कचऱ्यात मिसळायची नाही. आपल्या शहरात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, तिच्या नावातच कागद, काच, पत्रा आहे. आपण बेफिकिरीने बांधलेली पिशवी शेवटी त्यांच्यापैकीच एखाद्या बाईच्या हातात उघडते. तिचा हात कापला तर आपली स्वच्छता कसली?

वेफर्सच्या पुड्याचे फाडलेले कोपरे दिसतात ना, नखाएवढे, चंदेरी? मोठा पुडा कोणीही उचलतं, हा कोपरा कोणी उचलत नाही. पहिल्या पावसात तो मुरमात रुततो आणि मग सापडत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक फेरी फक्त या कोपऱ्यांसाठी मार.

गोळा केलेलं काहीही तिथे जाळायचं नाही, वाळलेलं पानसुद्धा. डिसेंबरपासून गवत वाळतं आणि एका ठिणगीने उतार पेटतो. धूर दिसला तर विझवायला एकटी धावू नकोस, वनविभागाचा १९२६ आणि अग्निशमनचा १०१ फोनमध्ये आताच घालून ठेव. पिणारे बसलेले दिसले तरी एकटीने जाऊन बोलू नकोस. पहाटे चालायला येणारे आजोबा-आजी बरोबर असले की तेच लोक स्वतःहून बाटली उचलून देतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तुझा पट्टा कोणता, ते तूच ठरव. मला विचारशील तर खाणीकडून वेताळबाबाच्या देवळाकडे जाताना जो पहिला चढ लागतो, तो घे. तिथली तिसरी दगडांची ओळ सैल झाली आहे, मधला दगड पायाने हलतो. रविवारी सहाला ये, ऊन चढायच्या आत बसवू. पहार माझ्याकडे आहे, येताना तू घमेलं आण, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाल.

तुझी,
मावशी