कूलरचे युनिट सबमीटरपेक्षा जास्त का दिसतात?

तुमचा प्रश्न असा: कूलरच्या लाइनवर वीज मोजणारं पीझेम-००४टी मॉड्यूल (तिसरी आवृत्ती) बसवलंय, दर सेकंदाला व्होल्टेज गुणिले करंट करून बेरीज घेता, तरी युनिट सबमीटरपेक्षा जास्त येतात.

तो गुणाकार वॅट नाहीच, व्होल्ट-अँपिअर आहे. इस्त्री किंवा हीटर असता तर चाललं असतं. कूलरमध्ये पंख्याची मोटर आणि पाण्याचा पंप, त्यामुळे पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खऱ्या वॅटचा वाटा) एकाच्या खालीच. आमच्या कूलरवर पाहिलेले आकडे सांगतो: २३० व्होल्ट, ०.९५ अँपिअर, गुणाकार २१८. मॉड्यूलमधल्या चिपने दाखवले १७९ वॅट. नागपूरच्या मे महिन्यात कूलर रात्रंदिवस सुरू असतो, म्हणजे या फरकानेच दिवसाला जवळजवळ एक युनिट जास्तीचं मोजलं जातं.

वॅट घेऊनसुद्धा मी बेरीज करणार नाही. कोडमधला एक सेकंद खरा एक सेकंद नसतो. वाचायला वेळ जातो, वायफाय अडकलं की मधली रीडिंग गळतात. चिप मात्र आतल्या आत सतत मोजत राहते आणि एकूण वॅट-तास वेगळ्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्यात) साठवते. रोज ठरलेल्या वेळी तेच वाचा, कालचा आकडा वजा करा, १००० ने भागा. झाले युनिट.

पण इथे सांभाळा. हा आकडा ३२ बिटांचा असून दोन रजिस्टरांत विभागलेला आहे: ५ मध्ये खालचा भाग, ६ मध्ये वरचा. फक्त ५ वाचलं तर ६५,५३५ वॅट-तासांनंतर आकडा शून्यावर येतो. आमच्या कूलरला त्यासाठी पंधरा दिवस पुरतात. वरचा भाग गुणिले ६५,५३६, अधिक खालचा, असंच घ्या.

मग एकदा ताडून बघाच. सबमीटरवर एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, पुष्कळ मीटरवर ३२००. बाकी सगळं बंद करून कूलरच्या जागी १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड लावा (सुरू असताना बादलीला हात नको) आणि लाल दिव्याची ३२० लुकलुक मोजा. साधारण सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात चिपचा आकडा १०० ने पुढे जायला हवा. ३२ लुकलुकींवर, म्हणजे १० वॅट-तासांवर, थांबू नका. चिप पूर्ण वॅट-तासच दाखवते, दहात एकाची चूक सहज होते. आकडा बराच कमी आला, तर सीटीची (वायरभोवती बसणाऱ्या, करंट मोजणाऱ्या कड्याची) चिमटी पूर्ण मिटली आहे का आणि तिच्यातून फेजची एकच वायर जाते का, ते मेन बंद करून तपासा.